मुसल्ल्याएवढी जागा



रमजान जवळ आला की आपल्या घरांत आवराआवर सुरू होते. डबे घासून उन्हात ठेवले जातात, गाद्या गच्चीवर जातात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, आणि घरातले कुणीतरी म्हणते, "हे अजून कशाला ठेवलंय? टाकून द्या." बहुतेक घरांत त्यावर थोडी कुरकुर होते. दोन वस्तू भंगारात जातात, चार परत माळ्यावर चढतात आणि संध्याकाळपर्यंत विषय मिटतो.

काही घरांत मात्र तो मिटत नाही. तिथे एका वस्तूला हात लावला तरी रडारड होते, जेवण टाकले जाते, आई आणि मुलगा आठ-आठ दिवस बोलत नाहीत. घरात खोल्या तीन असतात, पण दोन छतापर्यंत भरलेल्या. तेलाचे रिकामे डबे, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, बंद पडलेले मिक्सर, दहा-दहा वर्षांची वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, औषधांची रिकामी खोकी, वारलेल्या माणसाचे कपडे. पलंग आहे, पण झोपायला जागा नाही. ओटा आहे, पण त्यावर पोळपाट ठेवता येत नाही. पाहुणे आले तर सून दारातच उभी राहून बोलते आणि चहा शेजारणीकडून येतो. मुलगी लग्नाची झाली आहे, पण स्थळाची माणसे घरी आणायची कशी, या विचाराने आई-बाप बोलणेच पुढे ढकलतात.

अशा घराबद्दल मोहल्ल्यात काय बोलले जाते, ते आपल्याला माहीत आहे. "आळशी आहेत." "कंजूष आहेत." "घाणेरडी सवय." कुणी म्हणते, "बाहेरचं काहीतरी आहे." या महिन्यात याच घरांविषयी बोलायचे आहे, कारण यातल्या बऱ्याच घरांत आळसही नसतो आणि कंजूषपणाही नसतो. तिथे एक आजार असतो, आणि त्यावर उपाय असतो.

काटकसर वेगळी, आजार वेगळा

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. जपून ठेवणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. दौंड-शिरूरकडच्या जुन्या माणसांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापलेली ही पिढी. तिने सुतळीचा तुकडा आणि रिकामी बाटली जपून ठेवली तर त्यात नवल काय? अशी दादी डबा ठेवते, पण तो वापरतेही. शेजारणीने मागितला तर देते. तिच्या माळ्यावर काय आहे ते तिला ठाऊक असते, आणि तिच्या घरात माणसांना बसायला जागा असते. ही काटकसर आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे.

आजार ओळखायच्या खुणा तीन. पहिली, वस्तू कवडीमोलाची असली तरी ती सोडताना माणसाला खराखुरा त्रास होतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. दुसरी, वस्तूंनी घरातली जागा अशी व्यापते की स्वयंपाकघरात स्वयंपाक करता येत नाही आणि निजायच्या खोलीत निजता येत नाही. तिसरी, त्यामुळे त्या माणसाला किंवा घरच्यांना त्रास होतो, धोका निर्माण होतो, किंवा लोकांशी संबंध तुटतात.

डॉक्टर मंडळी पूर्वी याला ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा एक प्रकार मानत. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये आपल्या निदानाच्या ग्रंथात याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीतही तो स्वतंत्रपणे आहे. म्हणजे या आजाराला स्वतःचे नाव मिळून फार वर्षे झालेली नाहीत. जिथे याचे मोजमाप झाले, ते बहुतेक श्रीमंत देश आहेत. तिथल्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली तर शंभर माणसांत दोन ते तीन जणांना हा त्रास असल्याचे दिसते. स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही तो होतो. सुरुवात बहुधा तरुणपणात, अगदी शाळेच्या वयातही होते. पण तेव्हा आई आवरते, पुढे नवरा-बायको एकमेकांना आवरतात, म्हणून तो दिसत नाही. पन्नाशी-साठी ओलांडली, मुले पांगली, जोडीदार गेला, की मग घर भरू लागते.

शोक हे यातले मोठे कारण आहे. नवरा वारला, इद्दतचे दिवस संपले, लोकांचे येणे-जाणे थांबले. त्याचा चष्मा, डबा, कारखान्याचा गणवेश, औषधाची अर्धी बाटली, सगळे जिथल्या तिथे राहिले. मग त्याच्या वस्तूंशेजारी इतर वस्तू येऊन बसल्या. बाहेरच्याला तो कचरा दिसतो. तिच्या लेखी त्यातल्या प्रत्येक वस्तूत एक आठवण आहे, आणि वस्तू गेली की आठवणही जाईल अशी तिला खरोखरच धास्ती असते. गरिबी सोसली म्हणून हा आजार होतोच असे संशोधनात दिसत नाही. मोठा आघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, उदासीनता, आणि घराण्यात आधी कुणाला असणे, यांच्याशी मात्र त्याचा संबंध आढळतो. शिवाय या माणसांना निर्णय घेणे आणि वस्तूंची वर्गवारी करणे अवघड जाते. "हे ठेवू की देऊ?" या साध्या प्रश्नाने त्यांचे डोके दुखू लागते, म्हणून ते निर्णय उद्यावर टाकतात. असे हजार उद्या साठून तो ढीग झालेला असतो.

दीनचा आधार काठी म्हणून वापरू नका

अशा वेळी घरातला एखादा शिकलेला मुलगा आईला सूरह तकासुर आणि सूरह हुमजह ऐकवतो. "माल जमा करणाऱ्यांचं काय होतं, वाचलंस ना?" असे ऐकवणे त्या आईवर अन्याय आहे. त्या सूरतींत ताशेरे आहेत ते संपत्तीच्या चढाओढीवर, माल मोजत बसून माणसांना तुच्छ लेखणाऱ्यावर. शरिअतने ज्या साठेबाजीला गुनाह म्हटले आहे ती एहतिकार, म्हणजे लोक अडले असताना भाव वाढावा म्हणून धान्य दाबून ठेवणे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या जपणारी बाई कुणाचे अन्न दाबून बसलेली नाही. ती स्वतःच त्यात दाबली गेली आहे.

त्याऐवजी सूरह हुजुरात आणि सूरह नूर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी आपापल्यासाठी वाचाव्यात. कुणाची थट्टा करू नये, टोपणनावे ठेवू नयेत, पाळत ठेवू नये, पाठीमागे निंदा करू नये, दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये. भरलेल्या घराच्या बाबतीत यातली प्रत्येक गोष्ट आपण मोडतो. पोरे त्या घराला नाव पाडतात, बायका खिडकीतून डोकावतात, आणि हल्ली कुणीतरी आतला फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटात टाकते. एक फोटो गेला की ते दार पुढची पाच वर्षे उघडत नाही.

"बाहेरचं आहे" म्हणून ताबीज-गंड्यामागे पैसा घालवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. नवव्या-दहाव्या शतकात अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. उदासी, भीती, राग आणि मनात पुन्हा पुन्हा येणारे त्रासदायक विचार, म्हणजे वसवसे, यांचे त्यांनी त्यात वेगवेगळे वर्णन केले. शरीराला दुखणे होते तसे मनालाही होते आणि त्याचा उपचार करायचा असतो, ही त्यांची भूमिका. हजार वर्षांपूर्वी आपल्यातल्या एका आलिमाला जे उमगले ते आज मोहल्ल्यात सांगायला लाज वाटू नये. दुआ जरूर करा. दुआ करून डॉक्टरकडे जाणे यात विसंगती काहीच नाही.

कुरकुंभमध्ये ही गोष्ट जिवावरची का आहे

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, दौंडच्या अलीकडे-पलीकडे कामाला जाणाऱ्यांना कुरकुंभ माहीत आहे. डोंगरावर फिरंगाई देवीचे मंदिर, खाली रसायनांच्या कारखान्यांची एमआयडीसी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका रसायन कारखान्यात रात्री मोठी आग लागली. गावातल्या लोकांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले. म्हातारी माणसे, तान्ही मुले, सगळ्यांना रात्रीच्या रात्री बाहेर काढायचे होते.

आता भरलेले घर त्या रात्रीत ठेवून पाहा. दारामागे पोती आहेत, म्हणून दार अर्धेच उघडते. मधल्या वाटेतून एका वेळी एकच माणूस, तोही आडवा होऊन जातो. दिवे गेलेले. दादीला गुडघ्याचा त्रास. हाक मारणारा पोलीस किंवा शेजारी बाहेर थांबून किती वेळ थांबेल? कारखान्याच्या आगीची गोष्ट सोडा, घरातल्याच मीटरपाशी ठिणगी पडली तरी वर्तमानपत्रांचा ढीग पेटायला वेळ लागत नाही. शिरूरकडे रांजणगाव असो की आपले कुरकुंभ, एमआयडीसीच्या गावांत राहणाऱ्यांनी आवराआवरीचा विचार सुंदर दिसण्यासाठी करायचा नाही. बाहेर पडायची वाट मोकळी असावी यासाठी करायचा आहे.

औद्योगिक गावांत आणखी एक खास धोका असतो, रिकाम्या ड्रमचा. कारखान्यांतून निघालेले प्लास्टिकचे ड्रम, कॅन आणि पोती स्वस्तात मिळतात, आणि "कामाला येईल" म्हणून घरात येतात. ज्यात रसायन होते तो ड्रम कितीही धुतला तरी त्यात पिण्याचे पाणी किंवा धान्य ठेवू नये. भरलेल्या घरात असे पाच-दहा ड्रम असतील आणि त्यातल्या काहींत तळाशी काही उरलेले असेल, तर ते उघडून, हुंगून पाहण्याच्या किंवा गटारात ओतण्याच्या फंदात पडू नका. ते कुठून आले ते विचारा आणि कारखान्यात सुरक्षेचे काम पाहणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा.

कोंबड्या, शेळ्या, मांजरी यांच्याही बाबतीत हे घडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच सोलापूर रस्त्यावर, पुण्याच्या हडपसरमध्ये, एका फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरी असल्याची तक्रार शेजाऱ्यांनी केली, आणि त्या हलवण्याची नोटीस निघाली. त्या घरच्या माणसांना काय होते, हे दुरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण एवढे नक्की की प्राणी गोळा करणारी माणसे बहुधा प्रेमापोटीच सुरुवात करतात. मांजर आपल्याला जवळचे. हजरत अबू हुरैरा यांचे नावच मांजरीवरून पडलेले. मात्र मांजर कोंडून तिला खाऊ-पिऊ न घालणाऱ्या बाईची हदीसही आपल्याला माहीत आहे. जितक्यांना पोसता येईल, साफ ठेवता येईल, तितकेच प्राणी पाळणे ही खरी दया, हे प्रेमाने समजावता येते.

गुपचूप साफ करू नका

घरच्यांना सुचणारा पहिला उपाय ठरलेला असतो. अम्मी आठ दिवस बहिणीकडे गेली की टेम्पो बोलवायचा आणि घर रिकामे करायचे. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र वाईट होतो. ती परत येते आणि रिकामी खोली पाहून तिला घरात चोरी झाल्यासारखे वाटते. ज्या माणसांवर विश्वास होता त्यांच्यावरचा विश्वास उडतो. आजार तसाच राहतो, म्हणून वर्षभरात घर पुन्हा भरते, आणि या खेपेला ती कुणाला आत येऊ देत नाही.

एकटे पडण्याचा शेवट काय होतो याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण न्यूयॉर्कमधल्या कॉलियर बंधूंचे आहे. दोघे भाऊ हार्लेम भागातल्या वडिलोपार्जित घरात दारे-खिडक्या बंद करून राहत. मार्च १९४७ मध्ये पोलिसांना खबर मिळाली. थोरला, आंधळा आणि अंथरुणाला खिळलेला भाऊ मृत सापडला. धाकटा अठरा दिवसांनी सापडला, अवघ्या काही फुटांवर, आपणच रचलेल्या ढिगाखाली दबून मेलेला. थोरल्याला भरवणारा तोच होता, त्यामुळे थोरला उपाशी गेला. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. असे काही आपल्याकडे होणार नाही, असे म्हणू नका. २०२५ मध्ये नवी मुंबईत एक गृहस्थ काही वर्षे स्वतःला घरात कोंडून घेऊन राहत असल्याचे उघडकीस आले. घरात घाण साचली होती, आणि बाहेर काढले ते एका सामाजिक संस्थेने. मोठ्या शहरात भिंतीला भिंत लागून असते, तरी पलीकडचे कळत नाही. कुरकुंभसारख्या गावात मात्र कोण आठवडाभर दिसले नाही हे अजून कळते. ही आपली ताकद आहे.

मग करायचे काय?

उपचार म्हणजे मुख्यतः बोलण्याचे उपचार. माणसाला निर्णय घ्यायला, वस्तू सोडताना होणारी तगमग सोसायला आणि नव्या वस्तू घरी न आणायला हळूहळू शिकवायचे. सोबत उदासीनता किंवा दुसरा आजार असेल तर औषधेही लागतात. रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या संशोधकांनी यावर आयुष्याची अनेक वर्षे घातली. त्यांनी डेव्हिड टोलिन यांच्यासोबत २००७ मध्ये रुग्णांसाठीच एक पुस्तक लिहिले. पुढे त्या पुस्तकाच्या आधारे गट सुरू झाले. आठ-दहा जण ठरावीक आठवडे एकत्र बसतात, एकेक धडा वाचतात आणि घरी थोडे-थोडे करून पाहतात. हे गट चालवायला डॉक्टरच लागतो असे नाही. ज्यांनी स्वतः हे भोगले आहे अशी माणसेही ते चालवतात, आणि त्यातून गुण येतो असे आढळले आहे.

आपल्याकडे हे नवे वाटेल, पण पुण्यात अशी परंपरा आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसवले. पुण्यातल्या अशा स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायची पद्धत आहे. नाव बदलले की नजर बदलते. कुरकुंभ-दौंडमध्ये असा गट कुणी येऊन काढून देणार नाही. पण चार सुनांनी, मुलींनी महिन्यातून एकदा एकीच्या घरी बसून "आमच्याकडेही असंच आहे" एवढे जरी एकमेकींना सांगितले, तरी निम्मा भार उतरतो.

घरच्यांनी आणि मोहल्ल्याने करायच्या गोष्टी अशा.

पहिली गोष्ट, एकच माणूस पुढे व्हावा. ज्याच्यावर अम्मीचा किंवा चाचांचा विश्वास आहे असा. बहुतेकदा ती मुलगी नसते, सून तर नसतेच. एखादी खाला किंवा जुनी शेजारीण असते. तिने आधी दोन-चार वेळा नुसते येऊन बसावे. वस्तूंचा विषय काढू नये.

दुसरी, भाषा बदलावी. "हे भंगार कधी फेकणार?" असे विचारले की उत्तर भांडणच असते. "रात्री उठताना या गठ्ठ्यावर तुम्ही अडखळाल अशी मला भीती वाटते. एवढी वाट मोकळी करू या का?" याला नाही म्हणणे अवघड जाते. समोरचा माणूस आपल्या वस्तूंना ज्या नावाने हाक मारतो तेच नाव आपणही वापरावे. तो 'सामान' म्हणत असेल तर आपणही सामानच म्हणावे, 'कचरा' म्हणू नये.

तिसरी, सगळे घर आवरायचे ध्येय ठेवू नये. पहिले ध्येय सुरक्षिततेचे: दार पूर्ण उघडावे, पलंगापासून संडासापर्यंत वाट असावी, गॅसच्या शेगडीभोवती आणि विजेच्या मीटरपाशी काही नसावे, औषधे सापडावीत. त्यानंतरचे ध्येय आपल्या घरांसाठी मला फार योग्य वाटते: मुसल्ला अंथरायला पुरेल एवढी स्वच्छ जागा. ढिगाच्या माणसाला "खोली रिकामी करा" म्हटले की धडकी भरते. "तुम्हाला इथं नमाज पढता यावी एवढीच जागा करू" म्हटले तर ती मागणी त्याच्याच मनातली असते. आणि जिथे रोज पाच वेळा मुसल्ला पडतो, ती जागा पुन्हा भरत नाही.

चौथी, निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावा. तीन पोती करावीत: ठेवायचे, द्यायचे, अजून ठरत नाही. एका वेळी वीस मिनिटे, एकच कोपरा. एकेक वस्तू हातात घेऊन त्याच्यासमोर धरावी. रडू आले तर थांबावे. "अजून ठरत नाही" या पोत्याबद्दल चिडू नये. ते पोते भरले म्हणजे मन विचार करू लागले आहे.

पाचवी, फेकण्यापेक्षा देणे सोपे जाते. "टाकून देऊ" या शब्दाने जी बाई कासावीस होते, ती "गरजू मुलीला देऊ, मरहूम चाचांच्या नावाने सदका होईल" म्हटल्यावर साडी हातावेगळी करते. फक्त दोन पथ्ये पाळावीत. एक, वारलेल्या माणसाच्या वस्तू वारसांच्या असतात, त्यांना विचारूनच द्याव्यात. दोन, द्यायचे पोते त्याच दिवशी घराबाहेर जावे. ते आठवडाभर राहिले की पुन्हा ढिगात मिसळते.

सहावी गोष्ट आपल्याच घरांतली आहे, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कागद. ज्यावर अल्लाहचे नाव आहे, आयत आहे, बिस्मिल्लाह छापले आहे अशी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, उर्दू वर्तमानपत्रे, जीर्ण सिपारे रद्दीत घालायला मन धजत नाही, आणि ते योग्यच आहे. पण कित्येक घरांत या कागदांचीच पोती असतात. भरलेल्या घरातल्या माणसाला त्यातून एक पवित्र कारण मिळते, आणि त्यावर वाद घालता येत नाही. यावर उत्तर मशिदीकडे आहे. अनेक मशिदींत अशा पवित्र कागदांसाठी पेटी ठेवलेली असते. गोळा झालेले कागद अदबीने दफन केले जातात. आपल्या मशिदीत अशी पेटी नसेल तर जमातीने ठेवावी, आणि इमामसाहेबांनी जुम्याला दोन वाक्यांत सांगावे की हे कागद इथे आणणे हाच त्यांचा अदब आहे. इमामसाहेबांच्या तोंडून ते ऐकले की वर्षानुवर्षे अडलेली पोती हलतात.

सातवी, भंगाराच्या धंद्यातल्या आपल्या बांधवांना विनंती. कोणत्या घरातून काहीच निघत नाही आणि कोण उलट तुमच्याकडूनच वस्तू मागून नेते, हे तुम्हाला सगळ्यांत आधी कळते. अशा माणसाला "घेऊन जा, राहू दे" म्हणू नका. घरच्यांना हळूच सांगा. आणि त्या घरातून माल निघाला तर भाव चोख द्या, त्याच्यासमोर तो माल आपटू-फेकू नका.

डॉक्टर कुठे भेटतील?

दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कधी भेटतात ते तिथे कळेल. पुण्यात ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवड्याचे नाव घेतले की लोक दचकतात, पण तिथे बाहेरून येऊन तपासून घेऊन त्याच दिवशी परत जाता येते. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर घरच्या माणसानेही फोन करून "आम्ही काय करावं?" असे विचारावे. गावातल्या आशाताईंनाही विश्वासात घ्या. त्या घरोघर जातात, त्यांचे येणे कुणाला खटकत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मानसिक आजाराच्या उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि विमा कंपन्यांनीही या आजारांना शारीरिक आजारांसारखेच धरावे असे सांगितले आहे. तोच कायदा माणसाच्या इच्छेचा मान राखायलाही सांगतो. म्हणून सक्तीचा विचार शेवटचा. मात्र घरात लहान मूल असेल, आग लागण्याचा धोका समोर दिसत असेल, म्हातारे माणूस अन्नपाण्यावाचून पडून असेल, तर वाट पाहत बसू नका. तिथे जीव आधी, नाराजी नंतर.

शुभंकरांसाठीही एक शब्द. पुष्कळ घरांत हा भार सुनेवर असतो. ती सासूचा ढीग लपवते, नवऱ्याचा राग सोसते आणि माहेरीही बोलत नाही. तिला मैत्रिणीकडे जाऊन बसायला, मुलांचा अभ्यास घ्यायला घरात एक तरी कोपरा तिचा हवा. त्या कोपऱ्यात सामान यायचे नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनी करून द्यावा.

बरे व्हायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. मध्येच पुन्हा दोन पोती आत येतात. म्हणून हिशेब पोत्यांचा ठेवू नका. गेल्या रमजानला दार अर्धे उघडत होते, या रमजानला पूर्ण उघडते का, एवढे पाहा.

आणि येत्या ईदला एक करा. आपल्या मोहल्ल्यात असे एक घर नक्की असेल, जिथे कुणी जात नाही. शीरखुर्म्याची वाटी मुलाच्या हाती पाठवून मोकळे होऊ नका. स्वतः जा, सलाम करा, आत बोलावले तर जा, जिथे जागा असेल तिथे बसा आणि इकडेतिकडे पाहू नका. आत बोलावले नाही तर उंबऱ्यावर दोन मिनिटे बोला आणि निघताना सांगा, "पुढच्या जुम्याला येते." आणि पुढच्या जुम्याला खरोखर जा.